घरातली दुसरी कालिंदी

खोटं न बोलता जिवंत माणसाला कसं मारावं, हे मी आमच्या दिनानाथकाकांकडून शिकले. काका म्हणजे माझे चुलत सासरे. विद्यापीठातून भाषाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावर राहतात आणि जेवायला खाली येतात. ब्रह्मा घाटाच्या आसपास त्यांच्या शब्दाला मान आहे. आमच्या घरात तर इतका, की ते बोलायला लागले की कोणीतरी उठून पंखा हळू करतं.

मी ईशानी, या घराची सून. माहेर नागपूरचं. फ्रेंच शिकले, लग्न होऊन काशीला आले आणि परदेशी पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून फिरू लागले. मणिकर्णिकेवर उभं राहून फ्रेंच माणसांना आपल्याकडचं मरण समजावून सांगायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. माझा पारा लवकर चढतो असं सासरी सगळ्यांचं मत आहे. ते खरं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात फ्रान्सहून क्लेर नावाची बाई काकांना भेटायला आली. एका छोट्या प्रकाशनाची संपादक. पन्नाशीची असेल, सतरंजीवर मांडी घालून बसणारी आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेणारी. पन्नासेक वर्षांपूर्वी इथे विद्यापीठात एक फ्रेंच बाई शिकवायच्या. त्यांनी विद्यार्थ्यांकडून लहान लहान पुस्तिका करून घेतल्या होत्या. एका पुस्तिकेत एकच फ्रेंच शब्द, त्याचे सगळे अर्थ, आणि त्या त्या अर्थाला इंग्रजीत काय म्हणायचं त्याची चर्चा. सायक्लोस्टाइल करून त्या वर्गात वाटायचे. त्या बाई वारल्यावर त्यांच्या सामानात क्लेरला यातली एक सापडली. शब्द होता 'रकोनेसाँस'. एका शब्दावर इतकं शहाणपणाचं आपण दुसरं काही वाचलं नाही, असं क्लेर म्हणाली. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं: कालिंदी मोघे, बनारस.

क्लेरनं या कालिंदीचा शोध सुरू केला. कोणाकोणाला विचारत काकांपर्यंत पोचली. काकांनी कळवलं की कालिंदीबाई आमच्याच घरातल्या, पण त्या आता नाहीत. पुस्तिका अपुरी आहे, ती मी पुरी करून देतो.

हे सगळं क्लेर मला काकांच्या समोरच फ्रेंचमध्ये सांगत होती. काकांना फ्रेंच वाचता येतं, कोणी भरभर बोललं की मात्र कळत नाही, म्हणून तर मला बसवलं होतं. आमच्यामध्ये छपाईला जायच्या पुस्तकाची कच्ची प्रत पडली होती. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत दिनानाथ हर्डीकर. आत एका पानाच्या तळाशी एक ओळ: कै. कालिंदी यांच्या टिपणांवरून, कृतज्ञतेसह.

त्याच वेळी माझ्या सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांचं नाव लीला काशीनाथ हर्डीकर. त्या माहेरच्या मोघे, आणि लग्नाआधीचं त्यांचं नाव कालिंदी.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. गळ्यात अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवून ती प्रत उचलली आणि उभ्याउभ्याच चाळली. कृतज्ञतेच्या ओळीपाशी जरा जास्त वेळ थांबल्या. मग प्रत जागच्या जागी ठेवून क्लेरला फ्रेंचमध्ये विचारलं की साखर किती घालू. क्लेर चकित झाली, तुम्हाला फ्रेंच येतं का म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, थोडंसं, आणि आत निघून गेल्या.

मी काकांकडे वळले आणि मराठीत विचारलं की हे काय आहे. काका बशीत चहा ओतत होते. त्यांचा हातसुद्धा हलला नाही.

"त्यांनी विचारलं, कालिंदीबाई आहेत का. मी सांगितलं, नाहीत. आमच्या घरात कालिंदी एकच, माझी आई. ती जाऊन जमाना झाला. वहिनी या घरात लीला म्हणून आल्या. यात खोटं काय ते तू दाखव."

खोटं नव्हतंच. म्हणून तर माझ्या अंगाची लाही झाली.

आमच्यात लग्नात नवरा बायकोचं पहिलं नावसुद्धा बदलतो. ताटात तांदूळ पसरतात, त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितात, पेढे वाटतात, झालं. इथल्या हिंदी शेजाऱ्यांना याचं नवल वाटतं. त्यांच्याकडे आडनाव बदललं तरी बाई तीच राहते. सासूबाईंचं नाव तर बदलणं भागच होतं, कारण माझ्या आजेसासूबाईसुद्धा कालिंदी. सुनेला ज्या नावानं रागवायचं तेच नाव सासूचं असलं तर घर चालायचं कसं? म्हणून मोघ्यांच्या कालिंदीची हर्डीकरांची लीला झाली. एम.ए.ची पदवी कालिंदी मोघे हिच्या नावावर राहिली. पुढे एका शाळेत फ्रेंच शिकवायची नोकरी चालून आली, तेव्हा तिथे विचारलं, ही कालिंदी कोण? दोन्ही एकच असल्याचा कागद करून आणायला घरात कोणाला सवड झाली नाही. पदवी एकीकडे राहिली आणि बाई दुसरीकडे.

माझ्या लग्नात गुरुजींनी ताट पुढे करून विचारलं होतं, मुलीचं नाव काय ठेवायचं. कोणी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या की तिचं आहे तेच राहील. तेव्हा मला वाटलं, बाई आधुनिक आहेत. मागून कधीतरी त्यांनीच सांगितलं की मी कालिंदी होते. त्यापलीकडे एक अक्षर बोलल्या नाहीत. पुस्तिकेचं तर मला ठाऊकच नव्हतं.

क्लेरला गेस्ट हाउसवर सोडून आले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या. मी एका दमात काकांना काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. त्यांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "क्रम बदललाय त्यांनी."

मला कळेना. मग त्या सांगत गेल्या, आणि मी एवढी फ्रेंच शिकलेली, पण त्या शब्दाचं असं कोणी मला सांगितलं नव्हतं. रस्त्यात जुनी मैत्रीण दिसली आणि ओळख पटली, तर ते रकोनेसाँस. इंग्रजीत त्याला रेकग्निशन. आपली चूक कबूल केली, तर तेही रकोनेसाँस, आणि तिथे इंग्रजी म्हणणार ॲडमिशन. बापानं कचेरीत जाऊन सांगितलं की हे मूल माझं, तर फ्रेंच कायद्यात हाच शब्द, इंग्रजीत ॲक्नॉलेजमेंट. सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूचा मुलूख पाहून येणं, तेही हेच, आणि गंमत अशी की इंग्रजांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला तो फक्त या टेहळणीच्या कामासाठी. शेवटचा अर्थ कृतज्ञता, ग्रॅटिट्यूड.

"हा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता," त्या म्हणाल्या. "आधी माणूस ओळखायचा. मग त्यानं काय केलं ते कबूल करायचं. त्यानंतर आभार. फ्रेंचांनी हे सगळं एका शब्दात बांधून ठेवलंय, इंग्रजांनी सोडवून वेगळं केलं. इंग्रजीत ओळख न देता नुसते आभार मानता येतात. माझं सगळं लिहिणं एवढ्यासाठी होतं. भाऊजींनी कृतज्ञता उचलून पहिल्या पानावर नेली. बरं दिसतं म्हणून."

मेथीच्या काड्या त्यांनी कागदात गुंडाळल्या.

"आणि मलाही तीच दिली. एवढ्या अर्थांतला सगळ्यात स्वस्त."

मी विचारलं, आई, तुम्हाला काय हवंय? त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. त्या म्हणाल्या की ते मी लिहिलंय, आणि मी जिवंत आहे, एवढं त्यावर छापलं पाहिजे. आभार कोणाचेच नकोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लेरला भोसले घाटाच्या पायऱ्यांवर गाठलं आणि सगळं सांगितलं. जिला तू गावभर शोधलंस तिनं तुला चहा दिला, हेही सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा याचं फ्रेंच मला चटकन सुचलं नाही, नाहीतर तेही सांगितलं असतं. क्लेरचा चेहरा उतरला. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, त्याबद्दल मी तिला कधी नावं ठेवणार नाही. पण करार काकांशी झाला होता, कुटुंबाचा माणूस म्हणून. ती म्हणाली की माझा वकील नुसत्या सांगण्यावर नाव बदलणार नाही. तुझ्या सासूबाईंचं शपथपत्र लागेल, आणि त्यांना दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या एका माणसाची साक्ष. मी परत जायच्या आत मिळालं तर पुस्तक थांबवते. नाहीतर ते छापायला जाईल.

दोन्ही नावांनी ओळखणारा माणूस. सासूबाईंचे आईवडील आणि भाऊ कधीच गेलेले. वर्गातल्या मैत्रिणी कुठे पांगल्या कोणाला ठाऊक. उरले दोघं. एक काका. आणि दुसरा ज्यानं अंगठीनं ते नाव तांदळात लिहिलं तो, माझे सासरे.

सासरे म्हणजे काशीनाथ हर्डीकर, मी त्यांना बाबा म्हणते, रेल्वेतून निवृत्त झालेले. स्वभावानं गरीब, असं सगळे म्हणतात. मी इतकी वर्षं तेच म्हणत होते. आता मला वाटतं की गरीब स्वभाव ही घरात एकाला परवडणारी चैन असते, आणि ती दुसऱ्याच्या जिवावर चालते.

त्या संध्याकाळी जेवणाआधी मी विषय काढला. काका होते, बाबा होते, माझा नवरा मुकुल बँकेतून नुकताच आला होता. सासूबाई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या, त्यांना तिथून सगळं ऐकू येत होतं. मी म्हटलं की बाबांनी उद्या कचहरीत, म्हणजे कोर्टाच्या आवारात येऊन, साक्ष द्यायची आहे. एवढं एकच काम आहे.

बाबांच्या आधी बोलले काका. वहिनींबद्दल आपल्याला किती आदर आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले की ते एक विद्यार्थिनीचं काम होतं, त्याला पुस्तकाचा आकार आपण दिला. आपण दिलेला आकार म्हणजे एक प्रस्तावना आणि तो उलटा केलेला क्रम, हे मी म्हटलं, तर म्हणाले की सूनबाई, तुझा स्वर जरा खाली घे. शेवटी मोठ्या मनानं त्यांनी तोडगा काढला. कृतज्ञतेच्या पानावर कै. काढून टाकू आणि 'श्रीमती लीला हर्डीकर यांच्या सहकार्याबद्दल' असं मोठ्या अक्षरांत छापू. सहकार्य! म्हणजे बाईनं पुस्तक लिहायचं आणि वर चहा केल्याबद्दल आभार घ्यायचे. तोंडाला पानं पुसायची तीसुद्धा तिच्याच अंगणातली.

मुकुलकडे पाहिलं. मुकुल अडचणीत सापडला की हिंदीत जातो. "छोड़ो ना, ईशानी. घर की बात है, घर में रहने दो." मी त्याला म्हटलं की घरातली बाई तुम्ही मेली म्हणून पॅरिसपर्यंत कळवलीत, आता घरची गोष्ट कसली राहिली? तो मोबाइल पाहायला लागला. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही, आणि पुढेही बरेच दिवस मोजकंच बोलले.

बाबा अखेर बोलले ते माझ्याकडे न पाहता. म्हणाले की दिनानं जन्मभर घासून नाव कमावलंय, या वयात मी त्याला खोटं पाडू? आणि कचहरीतल्या त्या लोकांपुढे मी आईचं नाव काढू? मग जणू काही कोणीतरी त्यांनाच दोषी ठरवलं होतं अशा आवाजात म्हणाले, "तेव्हा दुसरं काय करणार होतो मी? एका घरात दोन कालिंदी कशा राहणार होत्या?"

लाटणं थांबलं.

"राहिल्या असत्या," सासूबाई ओट्यापासून म्हणाल्या. "घर मोठं होतं."

त्यांनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. काका उठले आणि भूक नाही म्हणत वर गेले. त्यांचं ताट मी झाकूनसुद्धा ठेवलं नाही.

सकाळी सासूबाई आवरून दारात उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत पदवीचा कागद आणि आधार कार्ड. बाबा पेपर वाचत होते. सासूबाईंनी त्यांना चला म्हटलं नाही. त्यांनीही पेपर खाली घेतला नाही. आम्ही दोघी गल्लीतून वर आलो, मैदागिनच्या चौकात टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा केली आणि कचहरीला निघालो. वाटेत मी काहीबाही बोलत होते, काकांना काय शाप द्यावा वगैरे. सासूबाई म्हणाल्या, ईशानी, जरा गप्प बस, मला फ्रेंच आठवू दे.

कचहरीत पत्र्याच्या शेडखाली वकिलांच्या टेबलांची रांग असते. एकाशी मी आधी फोनवर बोलून ठेवलं होतं. तरुण माणूस होता, तोंडात पान, समोर जुना कॉम्प्युटर. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. इसमें क्या है, रोज होता है, म्हणाला. मजकूर त्याच्याकडे तयारच होता, नावं घालायची राहिली होती. मग ओळखणाऱ्या माणसाचं विचारलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं की अडचण किरकोळ आहे. त्यानं मागे वळून हाक मारली. चहाच्या टपरीवर बसलेले दोघं जण उठून आले. कुडते, गळ्यात गमछे, चेहरे अगदी सभ्य. चहापाण्यावर कोणालाही ओळखणं हा त्यांचा धंदा होता.

"गवाह यहीं मिल जाते हैं, माताजी," वकील म्हणाला. "ये कह देंगे कि बचपन से जानते हैं."

त्यातला एक जण सासूबाईंना वाकून नमस्कार करून म्हणाला की हाँ हाँ, माताजी को कौन नहीं जानता. मला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी कळेना. काम मात्र होणार होतं. क्लेरच्या वकिलाला एक सही हवी होती, ती कोणाची आहे हे पॅरिसमध्ये बसून त्याला काय कळणार? मी सासूबाईंच्या कानाशी लागून तसं म्हटलंही. मला ते पुस्तक थांबवायचं होतं, बाकी कशाची पर्वा नव्हती.

सासूबाईंनी मान हलवली.

"जे मला ओळखत नाहीत त्यांच्याकडून नाही. तसं असतं तर भाऊजींचे आभार काय वाईट होते?"

आणि त्या तिथल्या बाकावर जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. ती दोघं माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि परत चहाकडे गेली. वकील दुसऱ्या गिऱ्हाइकाला लागला. सासूबाई काही रडत वगैरे नव्हत्या. नुसत्या समोर पाहत होत्या. हे पाहताना माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. या बाईनं त्या घरात सगळ्यांची दुखणी काढली, सणवार केले, काकांच्या पथ्याचं वेगळं शिजवलं, आणि आज ती कोण हे सांगायला तिला भाड्यानं माणसं घ्यावी लागत होती.

मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. बाबांनी उचलला. मी आवाज खाली घेतला नाही, शेडमधली चार माणसं वळून पाहायला लागली तरी घेतला नाही.

"बाबा, इथे रस्त्यावरचे दोघं जण आईंना ओळखायला तयार आहेत. तुम्ही येताय, की त्यांनाच सांगू?"

पलीकडून फोन बंद झाला. मी सासूबाईंना काही सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं होतंच.

बराच वेळ गेला. ऊन पत्र्यावर चढलं. वकिलानं दोनदा विचारलं की माताजी, करना है कि नहीं. मी त्याला थांबा म्हणून सांगत होते आणि मनातल्या मनात ठरवत होते की बाबा आले नाहीत तर त्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ठरवताना हेही कळत होतं की सासूबाई मात्र ठेवतील. संध्याकाळचा वरणभात लावायला त्या परत जातीलच.

बाबा आले. डोक्यावर टोपी, घाईत खालीवर लागलेली शर्टाची बटणं. टोटोतून उतरून ते शेडच्या कडेशी थांबले आणि टेबलं शोधत राहिले. मी हात केला नाही. त्यांचं त्यांना सापडू दे म्हटलं. सापडलं. ते बाकापाशी आले, सासूबाईंकडे पाहिलं, मग वकिलासमोरच्या खुर्चीवर बसले. सासूबाई उठून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

वकिलानं कीबोर्ड पुढे ओढला. नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं. या बाई आपल्या कोण, विचारलं. बाबा म्हणाले, पत्नी. लग्नाआधी नाव काय होतं? बाबांनी टोपी काढून हातात घेतली. आईचं नाव बायकोसाठी उच्चारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला दिसत होतं, आणि मला त्यांची दया येत नव्हती. जरा वेळानं ते म्हणाले, "कालिंदी." मग नीट, पुरं म्हणाले, "कालिंदी मोघे." पुस्तिका त्यांनीच लिहिली का, असं वकिलानं विचारलं. बाबा म्हणाले की हो. लग्न ठरलं तेव्हा तिनं ती मला वाचायला दिली होती.

हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

नाव कोणी बदललं? मी. का? माझ्या आईचं तेच नाव होतं. वकील टाइप करत राहिला. एवढ्यानं काम झालं असतं. पण तो मन लावून करणारा माणूस निघाला. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे पक्कं व्हावं म्हणून रोजच्या वापरातलं नाव एका वाक्यात घालू, म्हणाला.

"घर में आप इन्हें किस नाम से पुकारते हैं? लीला, कि कालिंदी?"

बाबांनी हातातल्या टोपीकडे पाहिलं. वकील बोटं तयार ठेवून त्यांच्याकडे पाहत होता. त्याला वाटलं की म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. बाबा टोपीची घडी घालत राहिले. मी आठवून पाहिलं. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी हाक मारलेली मी आठवून पाहिली. अगं, ऐकलंस का. अगं, चहा. अगं, दिना आलाय, पान घे. मुकुलची आई. काका वहिनी म्हणतात, मी आई म्हणते. ज्या नावासाठी कालिंदी पुसली ते 'लीला' हे नाव त्या माणसाच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"बोला ना," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "एवढं हौसेनं नाव ठेवलंत. एकदा तरी हाक मारलीत का त्या नावानं?"

बाबांनी मान खाली घातली. वकिलाला मराठी कळलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहायला लागला. सासूबाईच त्याच्याकडे वळल्या.

"लिखिए," त्या म्हणाल्या, "किसी नाम से नहीं."

वकील अडखळला. ऐसा थोड़े ही लिखते हैं, माताजी, म्हणाला. त्यानं बाबांकडे पाहिलं, ते तरी काही वेगळं सांगतील म्हणून. बाबा म्हणाले, जे त्या सांगतायत ते लिहा. त्यानं लिहिलं. प्रिंटरमधून कागद निघाला, तो त्यानं टेबलावर ठेवला आणि पेन पुढे केलं. बाबांनी चष्मा लावून सगळा मजकूर पहिल्यापासून वाचला, त्या ओळीशी आले, ती पुन्हा वाचली, आणि तिच्याखाली सही केली.